रेवस ते रेडी : समुद्रकाठाने पायी जायचं तर

प्रश्न : आम्ही कोराडीचे पाच मित्र, सगळे साठीच्या आसपासचे. तिघांची उभी नोकरी इथल्या औष्णिक वीज केंद्रात झाली. चालायची सवय आहे. नवरात्रात जगदंबेच्या दर्शनाला नागपूरहून रात्री पायी येणाऱ्यांत आम्ही असतोच, रामटेकलाही चालत जातो. आता समुद्राच्या काठाकाठाने लांबवर चालायची इच्छा आहे. आमच्यातल्या दोघांनी समुद्र फक्त मुंबईच्या चौपाटीवर पाहिला आहे. नकाशात कोकणचा किनारा रेवसपासून रेडीपर्यंत सरळ खाली उतरलेला दिसतो. तो सगळा पायी चालता येतो का? किती दिवस लागतील? आणि आठवडाभराच्या सुटीत बसवायचं झालं तर कुठून कुठे चालावं?

उत्तर : चालता येतो, पण सलग नाही. नकाशात दिसणारी सरळ रेषा जमिनीवर तशी नाही. सह्याद्रीवरून उतरलेली प्रत्येक नदी समुद्राला मिळताना रुंद खाडी होते आणि तुमची वाट तिथे थांबते. रेवदंड्याला कुंडलिका, मुरूड-जंजिऱ्याच्या पुढे राजपुरीची खाडी, बाणकोटला सावित्री, दाभोळला वाशिष्ठी, जयगडला शास्त्री, रत्नागिरीजवळ भाट्ये, मग पूर्णगड, जैतापूर, विजयदुर्ग, आचरा आणि देवबागला कर्ली, अशी ही रांग थेट गोव्याच्या हद्दीवरच्या तेरेखोलपर्यंत जाते. काही खाड्यांवर पूल आहेत. आगरदांडा ते दिघी, वेश्वी ते बागमांडला, दाभोळ ते धोपावे, जयगड ते तवसाळ इथे मोटारीही वाहून नेणारी फेरीबोट मिळते. बाकीच्या ठिकाणी गावातल्या मच्छीमाराची होडी, नाहीतर रस्त्याने मोठा वळसा. म्हणून किलोमीटर मोजण्याआधी खाड्या मोजा. रोज कोणती खाडी, ती कशाने आणि किती वाजता ओलांडायची, हे ठरलं की मुक्काम आपोआप ठरत जातात.

शाळेच्या पुस्तकात महाराष्ट्राचा किनारा ७२० किलोमीटर म्हणून आपण पाठ केला. रेवस ते रेडी हा सागरी मार्ग रस्त्याने साधारण पाचशे किलोमीटरचा आहे. रोज किती चालावं याला एक चांगलं माप आपल्याकडे आहे. १९३० साली गांधीजी १२ मार्चला साबरमतीहून निघाले आणि ५ एप्रिलला दांडीला पोचले. अंतर सुमारे ३८५ किलोमीटर, वय ६०. म्हणजे रोजचे सरासरी सोळा किलोमीटर. साठीच्या माणसांनी यापेक्षा जास्त धरू नये. गांधीजींची वाट बहुतेक गावागावांतून जाणारी होती, वाळूतून नव्हती. वाळूत बारा-तेरा किलोमीटर झाले तरी दिवस भरला असं समजा. या हिशेबाने खाड्यांवरचा खोळंबा आणि विश्रांती धरून रेवस ते रेडीला चाळीस दिवस लागतील. पहिल्याच खेपेला ते मनात आणू नका. किनारा कुठे पळून जात नाही, तुकड्यातुकड्यांनी तो पुरा करता येतो.

आता मुख्य गोष्ट. डोंगरावर किंवा रस्त्यावर चालणारा माणूस घड्याळ आणि ऊन बघून निघतो. समुद्रकाठी तेवढ्याने भागत नाही. सकाळी सात वाजता जिथे शंभर पावलं रुंद, टणक, ओली वाळू असते, तिथे दुपारी एक वाजता सुरूच्या बुंध्यांपर्यंत पाणी आलेलं असतं. मग वरच्या भुसभुशीत कोरड्या वाळूतून पाय ओढत जावं लागतं, किंवा दोन खडकांच्या मध्ये अडकून पडायची पाळी येते. किनाऱ्यावरचं चालणं हे ओहोटीतलं चालणं आहे. ओहोटीच्या आधीचे दोन तास आणि नंतरचे दोन तास, एवढीच तुमची खरी वाट उघडी असते.

ती कधी उघडते हे कोराडीत बसूनही काढता येतं. त्यासाठी भिंतीवरचं ‘कालनिर्णय’ पुरेसं आहे. (ते १९७३ साली सुरू करणारे जयंतराव साळगावकर मालवणचेच.) कोकणातली जुनी रीत अशी, की तिथीच्या आकड्याची पाऊणपट करायची, जो आकडा येईल त्या वाजता पूर्ण भरती, दिवसा एकदा आणि रात्री एकदा. चतुर्थी असेल तर चाराची पाऊणपट तीन, म्हणजे पहाटे तीनला आणि दुपारी तीनला भरती. अष्टमीला सहा वाजता. पौर्णिमा आणि अमावास्या दोन्ही पंधरा धरायच्या, म्हणजे सव्वाअकरा. शुद्ध पक्ष असो की वद्य, रीत तीच. भरतीनंतर साधारण सव्वासहा तासांनी ओहोटी पूर्ण होते.

या रीतीमागे पक्कं गणित आहे. चंद्र रोज आदल्या दिवसापेक्षा सुमारे पन्नास मिनिटं उशिरा उगवतो आणि भरती त्याच्या मागे मागे सरकते. पंधरा तिथींत ती बरोबर बारा तास सरकते, म्हणजे एका तिथीला ४८ मिनिटं, ढोबळ मानाने पाऊण तास. शाळा न शिकलेल्या कोळ्याने आणि खारव्याने हा हिशेब पिढ्यानपिढ्या तोंडी केला, त्यावर होड्या लोटल्या आणि जाळी ओढली. मला तो मराठी माणसाच्या ज्ञानातला फार मोलाचा ठेवा वाटतो. एक पथ्य मात्र आहे. रीत ढोबळ आहे, आणि मुंबईच्या मानाने मालवण-वेंगुर्ल्याकडे भरती लवकर लागते, त्यामुळे तासाभराचा फरक धरून चाला. नेमक्या वेळा भारतीय सर्वेक्षण विभागाच्या भरती-ओहोटीच्या कोष्टकात मिळतात, आणि रोज संध्याकाळी बंदरावर कुणालाही विचारलं तर उद्याची ‘सुकती’ (ओहोटी) किती वाजता हे तो लगेच सांगतो.

आता ही रीत तुमच्या सुटीला लावून बघू. एकादशीला पाऊणपटीने सकाळी सव्वाआठला भरती येते, म्हणजे चालण्याची सगळी सकाळ पाण्याखाली. अष्टमीला भरती सहाला आणि ओहोटी दुपारी बाराला, म्हणजे वाट उघडणार ती ऐन उन्हात. तृतीयेला मात्र भरती रात्री सव्वादोनला होऊन गेलेली असते आणि ओहोटी सकाळी साडेआठच्या सुमाराला. तळकोकणात तासभर आधी धरली तरी साडेसात. तुम्ही साडेसहाला निघालात की पाणी मागे हटत असतं आणि दहापर्यंत वाट तुमची. चतुर्थी, पंचमी, षष्ठी असं पुढे जाल तशी ही वेळ रोज पाऊण तास पुढे सरकते आणि पाच-सहा दिवस सकाळ तुमच्या बाजूने राहते. शिवाय पौर्णिमा-अमावास्येनंतर एक-दोन दिवस उधाणाचा जोर असतो, तेव्हा ओहोटीचं पाणीही सर्वांत लांब जातं आणि किनारा सर्वांत रुंद होतो. अष्टमीच्या आसपास भांग असतो, पाणी फार चढतही नाही, फार उतरतही नाही.

म्हणून माझा सल्ला असा, की सुटीची तारीख शनिवार-रविवार बघून ठरवू नका, तिथी बघून ठरवा. वद्य द्वितीयेला मालवणात पोचा आणि तृतीयेला चालायला लागा. वद्य पक्ष यासाठी, की पहाटे उठाल तेव्हा पश्चिमेला समुद्रावर चंद्र असेल आणि उजाडेपर्यंत पुळणीवर, म्हणजे वाळूच्या किनाऱ्यावर, प्रकाश राहील. महिने नोव्हेंबर ते फेब्रुवारी. त्यातही नाताळ ते एक जानेवारी हा आठवडा वगळा, तेव्हा मालवण-तारकर्लीत पाय ठेवायला जागा नसते.

तुमचा तुकडा कोणता, तर मालवण ते रेडी. रत्नागिरी जिल्ह्याचा किनारा देखणा आहे, पण तिथे डोंगर थेट समुद्रात घुसतात आणि दर दोन-तीन तासांनी सड्यावर, म्हणजे वरच्या कातळी पठारावर, चढावं लागतं. सिंधुदुर्गाच्या या भागात पुळणी लांब आहेत, गावं जवळजवळ आहेत आणि एकूण चाल साठ-पासष्ट किलोमीटरची आहे.

पहिला दिवस सगळ्यांत सोपा. मालवणच्या दांडी किनाऱ्यावरून निघायचं, समोर पाण्यात सिंधुदुर्ग, ज्याची पायाभरणी १६६४ साली झाली. तिथून वायरी, तारकर्ली, देवबाग अशी अखंड पुळण आहे, मध्ये एकही खाडी नाही. देवबाग ही समुद्र आणि कर्ली नदी यांच्यामधली चिंचोळी पट्टी. काही ठिकाणी एका बाजूला लाटा आणि माडांच्या पलीकडे नदीचं संथ पाणी एकाच वेळी दिसतं. सकाळी रापण ओढणारी माणसं भेटतील. अर्धवर्तुळात टाकलेलं लांबलचक जाळं दोन्ही टोकांनी किनाऱ्यावर खेचलं जातं, गावातली लहानथोर माणसं दोराला लागतात. तिथे थांबा, बघा, पण ताणलेल्या दोरावरून उडी मारून जाऊ नका, मागून वळसा घाला. मुक्काम देवबागला.

दुसऱ्या दिवशी होडीने कर्ली ओलांडून भोगव्याला उतरायचं. देवबागला पर्यटकांच्या होड्या भरपूर असतात. आदल्या संध्याकाळी सांगून ठेवा, म्हणजे सकाळी खोळंबा होत नाही. भोगव्याची पुळण मला या सगळ्या वाटेत सर्वांत आवडते. तिच्या दक्षिण टोकाला निवतीचा किल्ला आहे. खडकांच्या कडेने पुढे जायचा मोह होईल, तो आवरा आणि किल्ल्यावरून चढून पलीकडे उतरा. वरून मागे भोगवे आणि पुढे निवती असे दोन्ही किनारे दिसतात.

तिसरा-चौथा दिवस निवती, खवणे, केळूस, वायंगणी, दाभोली आणि वेंगुर्ला. इथे लहान खाड्या आहेत. ओहोटीला त्या गुडघाभर दिसतात आणि माणूस फसतो. समुद्राला मिळणाऱ्या पाण्याचा ओढा ओहोटीत बाहेरच्या दिशेला असतो आणि पायाखालची वाळू सरकते. कडेला गाळ असेल तर पाय रुततो. गावातला माणूस स्वतः पुढे होऊन चालत नसेल, तर पाण्यात उतरायचं नाही. पुलावरून जा, दोन किलोमीटर जास्त पडले तरी चालतील. वेंगुर्ल्यात एक दिवस थांबा. बंदर, दीपगृह आणि डचांच्या १७ व्या शतकातल्या वखारीचे अवशेष पाहण्यासारखे आहेत.

चालण्याच्या पाचव्या-सहाव्या दिवशी मोचेमाड, आरवली, शिरोडा आणि रेडी. आरवली जयवंत दळवींचं गाव. शिरोड्याच्या शाळेत वि. स. खांडेकर १९२० पासून अठरा वर्षं शिक्षक होते. विदर्भातून आलेल्या माणसाने शिरोड्याच्या मिठागरांवर थोडा वेळ जरूर थांबावं. १९३० साली इथे मिठाचा सत्याग्रह झाला. त्याच वर्षी आपल्या वऱ्हाडात समुद्र नव्हता म्हणून माणसं गप्प बसली नाहीत. अकोला जिल्ह्यात दहीहंड्याला खारपाणपट्ट्यातल्या विहिरींच्या पाण्यापासून मीठ केलं गेलं, आणि १० जुलैला पुसदला बापूजी अण्यांनी राखीव जंगलातलं गवत कापून जंगल सत्याग्रह केला. एकाच चळवळीची ही दोन टोकं. कोराडीच्या पायी जाणाऱ्यांनी ती जोडावीत असं मला मनापासून वाटतं. रेडीला यशवंतगड पाहा. पलीकडे तेरेखोलची खाडी आणि गोवा.

वेल्समध्ये २०१२ साली संपूर्ण किनाऱ्याला लागून १४०० किलोमीटरची पायवाट खुली झाली. तिच्यावर जागोजागी खुणेचे खांब आहेत. आपल्याकडे असा एकही खांब नाही. पण आपल्याकडे गावं आहेत आणि वाट सांगणारी माणसं आहेत. विचारायची लाज वाटणाऱ्याने कोकणात पायी जाऊ नये. आणि राज्य सरकारने मालवण-रेडीसारख्या एखाद्या तुकड्यावर तरी पायवाटेच्या खुणा आणि भरतीच्या वेळांचे फलक लावावेत. त्याला फार पैसा लागत नाही आणि गावातल्या घरगुती मुक्कामांना वर्षभर काम मिळेल.

प्रश्न : आमच्याकडे समुद्र नाही. मग सराव कसा करायचा आणि बरोबर काय घ्यायचं?

उत्तर : डांबरी रस्त्यावर पंचवीस किलोमीटर चालणारा माणूस वाळूत आठ किलोमीटरला थकतो, कारण प्रत्येक पावलाला पोटरी आणि घोटा वेगळं काम करतात. त्यासाठी तुमच्याजवळ कन्हान आहे. पाणी उतरल्यावर पात्रातल्या कोरड्या वाळूत आठवड्यातून तीनदा तास-दीड तास चाला, पाठीवर सहा-सात किलोचं ओझं घेऊन. दोन महिन्यांत पाय तयार होतात. आणखी एक गोष्ट नदीत कळणार नाही: पुळणीला समुद्राकडे उतार असतो, त्यामुळे दक्षिणेकडे चालताना उजवा पाय सतत खाली पडतो आणि कंबर धरते. मधूनमधून वरच्या बाजूच्या सपाट भागावर या.

ओल्या वाळूत अनवाणी चालणं सुखाचं असतं, पण फार वेळ नको. शिंपल्यांनी तळवे कापतात. पट्ट्याच्या घट्ट चपला सर्वांत बऱ्या, बुटांत वाळू जाऊन फोड येतात. मुक्कामाला पोचल्यावर गोड्या पाण्याने पाय धुवा, बोटांच्या बेचक्या कोरड्या करा, खोबरेल लावा. अंगभर सुती कपडे, मोठी टोपी, दोन लिटर पाणी, मोबाइलसाठी पाणी न शिरणारी पिशवी, आधारकार्ड आणि नेहमीची औषधं, एवढं पुरे.

नागपूरचं ४५ अंशांचं ऊन सोसणाऱ्याला कोकणातले ३२ अंश किरकोळ वाटतात. तसं समजू नका. तिथल्या दमट हवेत घाम वाळत नाही, त्यामुळे शरीर थंड होत नाही. पाण्याबरोबर मीठ-साखर घ्या, शहाळी प्या, अकरानंतर सावलीला बसा. रक्तदाबाची किंवा मधुमेहाची औषधं चालू असतील, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय मीठ-साखर वाढवू नका.

उत्तरेकडून दक्षिणेकडे चाला. हिवाळ्यात सकाळी जमिनीवरून मतलई वारे येतात, दुपारनंतर वायव्येकडून खारे वारे सुटतात. चालायला उशीर झालाच तर ते पाठीशी राहतात.

प्रश्न : जायचं कसं आणि राहायचं-जेवायचं कुठे?

उत्तर : नागपूरहून भुसावळ, कल्याण, पनवेल मार्गे मडगावला जाणारी विशेष रेल्वेगाडी आहे. ती मुदतवाढीवर चालते, म्हणून तिथी ठरवली की आधी गाडी चालू आहे ना ते तपासा. मालवणसाठी कुडाळला उतरायचं, पुढे एस.टी. परतताना रेडी-शिरोड्याहून एस.टी.ने सावंतवाडी गाठा. गाडी नसेल तर मुंबईला जाऊन कोकण रेल्वे धरा.

या वाटेवरच्या बहुतेक गावांत घरगुती मुक्कामाची सोय आहे, फक्त आदल्या दिवशी फोन करून सांगा. लहान गावात पाच माणसांचा स्वयंपाक ऐन वेळी होत नाही. मासे न खाणाऱ्यांनीही काळजी करू नये. घावणे, आंबोळी, काळ्या वाटाण्याचं सांबारं आणि सोलकढी यांवर आठवडा आनंदात जातो. सावजीच्या तिखटाची सवय असलेल्यांना मालवणी जेवण सौम्यच वाटेल.

प्रश्न : आम्ही कोणते नियम पाळावेत?

उत्तर : पुळण सर्वांची आहे, तिच्यावरून चालायला कुणाची परवानगी लागत नाही. पण माडाच्या बागा, काजूची लागवड आणि जांभ्या दगडाचे गडगे खाजगी आहेत. आत शिरण्याआधी हाक मारा. १९९३ साली रायगडच्या शेखाडीला स्फोटकं उतरवली गेली, तेव्हापासून किनाऱ्यावर अनोळखी माणसांची चौकशी होते. ती झाली तर रागावू नका, ओळखपत्र दाखवा. पुढच्या वर्षी उत्तरेकडचा तुकडा घेतलात, तर गुहागर तालुक्यात आणि जयगडला किनाऱ्यावरच वीज प्रकल्प लागतील. त्यांच्या कुंपणाजवळ रेंगाळू नये, हे वीज केंद्रात आयुष्य घालवलेल्यांना मी सांगायला नको. हरिहरेश्वरची समुद्राकडून जाणारी प्रदक्षिणा फक्त पूर्ण ओहोटीत करा, आणि पाणी चढत असेल तर कितीही श्रद्धा असली तरी परत फिरा. तिथे माणसं गेली आहेत.

शेवटचं, तुमच्याच वाटेवरचं. हिवाळ्यात वायंगणीच्या बाजूला ऑलिव्ह रिडले जातीची समुद्री कासवं रात्री येऊन अंडी घालतात. पहाटे पुळणीवर पाण्यापासून वर गेलेला रुंद, दोन्ही बाजूंनी वल्हवल्यासारखा माग दिसला तर त्यावर पाय देऊ नका, विजेरी मारू नका, वाळू उकरू नका. कोकणात गावोगावचे कासवमित्र आणि वनखातं ही घरटी सांभाळतात. माग दिसला ती जागा लक्षात ठेवा आणि पहिल्या घरी थांबून तेवढं सांगून पुढे जा.